अकरा चिठ्ठ्या आणि एक कादंबरी

पत्र: मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. आमच्याकडे १४ ते १६ वयाच्या मुलांचा वाचनकट्टा चालतो. या वेळचं पुस्तक मुलांनीच निवडलं. पंधरा वर्षांची एक मुलगी घरात कुणाला कळू न देता स्वतःला इजा करून घेते, मैत्रिणीला ते समजतं, पुढे उपचार वगैरे, अशी गोष्ट आहे. वाचून झालं की मत लिहून पेटीत टाकायचं, नावाची सक्ती नाही, ही आमची पद्धत. अकरा चिठ्ठ्या आल्या. दोघांनी ५ पैकी ५ गुण दिलेत, त्यातल्या एकाने 'या पुस्तकाने मला वाचवलं' असंही लिहिलंय. बाकी 'बोअर', 'डिप्रेसिंग', 'नुसती ड्रामेबाज आहे, लोकांनी बघावं म्हणून करते', 'शेवट फेक', 'एवढं डिटेल कशाला?' असं काय काय आहे. आणि एका चिठ्ठीत आहे, 'लेखिकेला हे कसं कळलं? हे माझंच लिहिलंय.' त्यातच एका पालकांनी पुस्तक कपाटातून काढा म्हणून तोंडी तक्रार केलीये. शुक्रवारी शेवटच्या तासाला चर्चा ठरली आहे. चिठ्ठ्या फलकावर लावणार होते, आता हात धजत नाही. काय करू?

हात धजत नाही तेच बरं. चिठ्ठ्या आहेत तशा लावू नका आणि चर्चा शुक्रवारी शेवटच्या तासाला घेऊ नका. का, ते पुढे येतंच. आधी 'हे माझंच लिहिलंय' ही चिठ्ठी, कारण ती शुक्रवारपर्यंत थांबणारी नाही.

कुणाची आहे ते शोधायचा मोह होईल. पुस्तक कुणी कुणी नेलं ते देवघेवीच्या नोंदवहीत आहे, अक्षरही ओळखीचं असेल, दहा मिनिटांत नाव सापडेल. तरी शोधू नका. पेटी निनावी आहे असं तुम्हीच सांगितलंय. 'मॅडमनी अक्षर ताडून पाहिलं' अशी कुजबुज एकदा झाली की पेटी संपली, आणि ज्या मुलाला तिचा आधार वाटला त्याचं एक दार बंद झालं. शिवाय 'माझंच लिहिलंय' यातलं 'हे' म्हणजे नेमकं काय, ते आपल्याला माहीत नाही. इजा असेल. पण अशा कादंबऱ्यांत घरातला अबोला असतो, आजारी भावंडामागे झाकोळलेलं मूल असतं, आपल्यामुळेच सगळं बिघडलं ही टोचणी असते. त्यातलं काहीही तिचं किंवा त्याचं असू शकतं.

अपवाद एकच. चिठ्ठीत मरणाची भाषा असती, निरोप घेतल्यासारखं काही असतं किंवा आत्ता, सध्या, स्वतःला इजा करून घेत असल्याचा उल्लेख असता, तर निनावीपणा बाजूला ठेवून त्याच तासाला शोधाशोध करायची, आणि तीही एकटीने नाही, समुपदेशक आणि मुख्याध्यापिकांना बरोबर घेऊन. ही अट पेटीवर आधीच लिहिलेली हवी होती. आता लिहा: 'चिठ्ठी निनावी राहील. मात्र कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी मदत मागणार.' दोनच वाक्यं, पण ती नसतील तर पुढे पेटी उघडावी लागली की विश्वासघात केल्यासारखं होतं.

समुपदेशकांना मात्र आजच सांगा. नाव न घेता, चिठ्ठी दाखवून. मग उद्या कट्ट्यातल्या सगळ्यांना मिळून एवढंच सांगा: 'चिठ्ठ्या वाचल्या. काही जणांना हे पुस्तक फार जवळचं वाटलंय. बोलायचं असेल तर मी रोज मधल्या सुट्टीत आतल्या खोलीत एकटीच असते. नुसतं पुस्तकाबद्दल बोलायला आलात तरी चालेल.' 'काही जणांना' म्हणा, 'एका चिठ्ठीत' म्हणू नका. एकवचन ऐकलं की वर्गात माना वळायला लागतात. आणि शेवटचं वाक्य गाळू नका, मुलं पुस्तकाच्या आडूनच येतात.

चिठ्ठी लिहिणारी मुलगी असेल आणि आलीच, तर 'मॅडम, ते पुस्तक…' एवढं म्हणून गप्प बसेल. बसू द्या. 'आलीस, बरं केलंस' म्हणा आणि तिने पुढचं काही सांगायच्या आत आपली मर्यादा सांगून टाका: 'हे मी वर्गात कुठे बोलणार नाही. पण तुझ्या मदतीला ज्यांची गरज लागेल त्यांना सांगावं लागेल. कुणाला, कसं, ते आपण दोघी मिळून ठरवू.' आधी 'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द देऊन मग फोन करणं ही मोठ्यांची सगळ्यात नेहमीची चूक. जखम दाखव म्हणू नका. ताजी आहे का, दुखतेय का, तेवढं विचारा, आणि असेल तर डॉक्टर. कसल्या गोळ्या किंवा औषध पोटात गेलं असेल तर मूल हिंडतं-फिरतं दिसलं तरी थेट हॉस्पिटल.

मग एक प्रश्न सरळ विचारायचा: 'कधी मरून जावंसं वाटतं का?' हा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात भरेल, या भीतीने मोठी माणसं तो टाळतात. ही भीती तपासून झाली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांचे दोन गट केले होते, एकाला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न होते, दुसऱ्याला नव्हते. विचारलेल्या गटात ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही. समुपदेशकांना तिथेच बोलवायचं.

'परत करणार नाही असं वचन दे' हे अजिबात नको. वचन मोडलं की मूल इजा करणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं. घरी कळवायचं ते मुलाला सांगून, जमलं तर त्याच्या समोर. घरातच कुणापासून धोका असेल तर मात्र आधी समुपदेशक.

आता बाकीच्या दहा चिठ्ठ्या. त्यांना गुणांप्रमाणे लावलंत तर हाती काही लागणार नाही. ५ पैकी ५ देणारा आणि 'बोअर' म्हणणारा हे दोघं एकाच पुस्तकाबद्दल बोलतच नसतात. मोठा माणूस अशी कादंबरी वाचतो तेव्हा 'हे माझ्या मुलाने वाचावं का?' हा प्रश्न घेऊन वाचतो. मुलं वाचतात तेव्हा प्रश्न असतो, 'हे खरं वाटतं का?' त्यामुळे मत वाचताना लिहिणारा कुठे थांबला ते बघा. कुठल्या माणसावर चिडला, कुठल्या प्रसंगाला हसला, कुठून पुढे त्याने भराभर पानं उलटली.

'बोअर' हे रास्त मत आहे. ते लिहिणाऱ्याला 'विषय गंभीर आहे, असं म्हणू नये' असं सुनवाल तर पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या 'हृदयस्पर्शी' येतील. 'डिप्रेसिंग'चंही तेच.

'ड्रामेबाज'ची चिठ्ठी वेगळी. फलकावर ती सगळ्यात घातक, चर्चेत सगळ्यात उपयोगाची. घातक अशासाठी की 'हे माझंच लिहिलंय' म्हणणारं मूल फलकासमोर उभं राहून ती वाचणार. उपयोगाची अशासाठी की हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. स्वतःला इजा करून घेणारी बहुतेक मुलं ती लपवतात. विचारलं तर सगळ्यात जास्त वेळा मिळणारं कारण म्हणजे आत दाटलेलं काही सहन होईना, ते थोडा वेळ तरी ओसरावं. त्याखालोखाल येतं स्वतःला शिक्षा करणं. काहींना आपली घुसमट कुणाला तरी कळावी असं वाटतंही. पण 'लक्ष हवंय' हा आरोप झाला कसा? तहानलेल्याला पाणी हवंय म्हणून आपण नावं ठेवत नाही. मुलग्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट 'रागीट आहे' या नावाखाली दडून जाते, म्हणून 'मुलींचं काहीतरी' असा सूर निघाला तर तिथेच अडवा.

हे किती जणांच्या बाबतीत होतं? निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेला आकडा असा, की किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के मुलांनी, आत्महत्येचा हेतू नसताना, आयुष्यात एकदा तरी स्वतःला इजा केलेली असते. म्हणजे साधारण सहांत एक. सुरुवात बहुधा १२ ते १४ व्या वर्षी. तुमच्याकडे अकरा चिठ्ठ्या आहेत. गणित करून मुलांकडे बघत बसू नका, पण 'आमच्या कट्ट्यात असं कुणी नाही' हे गृहीत धरून चर्चेला बसू नका, एवढाच त्या आकड्याचा उपयोग.

'या पुस्तकाने मला वाचवलं' ही साक्ष आहे, परीक्षण नाही. तिचा मान ठेवा, पण ती दुसऱ्याला औषधाच्या चिठ्ठीसारखी लिहून देऊ नका. 'तिला फायदा झाला, तूही वाच' असं म्हणून हे पुस्तक त्रासात असलेल्या मुलाच्या हातात देणं ही चांगल्या मनाने केलेली, पण चूकच. लिहिणाऱ्याला ते बऱ्याच काळानंतर, सावरल्यावर, हाती लागलेलं असू शकतं. अगदी त्याच दिवसांत असलेल्या मुलाला तेच पान वेगळं लागतं.

मला सगळ्यात आवडली ती 'शेवट फेक' ही चिठ्ठी. या जातीच्या कादंबऱ्यांचा नेहमीचा रोग तिने बरोबर पकडलाय: एक समजूतदार मुलगा भेटतो, किंवा एकदा आईच्या गळ्यात पडून रडणं होतं, आणि शेवटच्या प्रकरणात सगळं मिटतं. प्रत्यक्षात सुधारणा अशी येत नाही. महिनाभर ठीक, मग एक वाईट रात्र, मग पुन्हा. या त्रासावर जी उपचारपद्धत नावाजलेली आहे ती, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, मूळ स्वरूपात साधारण वर्षभर चालते. आठवड्याला थेरपिस्टची एक भेट, शिवाय गटात बसून कौशल्यं शिकायची: भावनेला नाव देणं, लाट येऊन जाईपर्यंत तग धरणं, मागायचं ते नीट शब्दांत मागणं. किशोरांसाठी तिची छोटी आवृत्ती आहे, तिच्यात आईवडीलही शिकायला बसतात. ती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ. त्यांचं उपचारांवरचं मूळ पुस्तक १९९३ चं. किशोरवयात आपण स्वतःच इस्पितळात होतो आणि स्वतःला इजा करून घेत होतो हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. 'हे कसं कळलं?' असं विचारणाऱ्या मुलापर्यंत ही एक गोष्ट कधीतरी पोचू द्या, चर्चेच्या ओघात, कुणाकडेही न बघता.

राहिली 'एवढं डिटेल कशाला?' ही चिठ्ठी. तक्रार करणाऱ्या पालकांचा मुद्दाही बहुधा हाच असणार, म्हणून इथे जरा थांबू. पुस्तक स्वतः पुन्हा वाचा, कागदाच्या पट्ट्या घेऊन. कशाने, कुठे, कसं लपवलं अशी माहिती जिथे आहे तिथे एका रंगाची पट्टी. इजेनंतर 'किती हलकं वाटलं' याचं वर्णन जिथे आहे तिथे दुसरी. त्यानंतरची लाज, भीती, दुखणं, मैत्रिणीशी खोटं बोलणं जिथे आहे तिथे तिसरी. आणि एखादा मोठा माणूस ऐकून घेतो आणि काहीतरी उपयोगाचं करतो तिथे चौथी. पुस्तक मिटून बाजूने बघा. पहिल्या दोन रंगांचीच झालर दिसत असेल, तर ती चिठ्ठी आणि ते पालक बरोबर आहेत. चौथा रंग मुळीच नसेल तर तेही मोठं वैगुण्य आहे, कारण सांगून काही उपयोग नाही हाच धडा त्यातून मिळतो.

एवढी काळजी का, तर मुलं एकमेकांचं बघून हे उचलतात हे शाळा-वसतिगृहांत आणि रुग्णालयांतल्या किशोर विभागांत वारंवार दिसलेलं आहे. छापील मजकुराबद्दल दोन नावं कानावर येतील. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात या निरीक्षणाला समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली जर्मन लेखक गटेच्या १७७४ मधल्या कादंबरीच्या नायकावरून 'वेर्थर परिणाम' हे नाव दिलं. उलट, माणूस त्या कड्यावरून मागे कसा फिरला हे सांगणाऱ्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसला, त्याला २०१० साली मोझार्टच्या ऑपेरातल्या पात्रावरून 'पापागेनो परिणाम' म्हटलं गेलं. दोन्ही शोध वृत्तपत्रांतल्या बातम्यांवरचे आणि आत्महत्येवरचे आहेत, कादंबरीला जसेच्या तसे चिकटवू नका. पण त्यातून घ्यायची खूण साधी आहे: कृती किती बारकाईने दाखवली आणि मागे फिरणं किती बारकाईने दाखवलं. तुमच्या पट्ट्या तेच मोजतात.

पट्ट्यांचा कौल ठीक असेल तर पुस्तक कपाटात राहू द्या, मोठ्या मुलांच्या फळीवर, पण दर्शनी मांडणीत नको. पालकांना तक्रार लेखी द्यायला सांगा आणि कुठल्या पानाने त्रास झाला ते विचारा. तुम्ही, समुपदेशक आणि एक शिक्षक अशा तिघांनी पुस्तक अख्खं वाचून उत्तर द्यायचं. निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच. 'हे माझंच लिहिलंय' या चिठ्ठीचा उल्लेख पालकांपुढे नको, 'बघा, मुलांवर परिणाम होतोच' म्हणून ती हत्यार होईल.

मुखपृष्ठावर धोक्याचा इशारा देणारं लाल स्टिकर लावा असं कुणीतरी सुचवेलच. २०२३ साली अशा इशाऱ्यांवरचे बारा अभ्यास एकत्र तपासले गेले. इशाऱ्यामुळे पुढचा त्रास कमी होत नाही, वाचायच्या आधीची धाकधूक थोडी वाढते आणि लोक मजकूर टाळतात असंही नाही. त्यापेक्षा पहिल्या पानावर एक साधी ओळ असू द्या: 'या गोष्टीतली मुलगी स्वतःला इजा करून घेते.' आणि खरी मदत खूणपट्टीवर: समुपदेशकांची खोली, भेटायची वेळ, हेल्पलाइनचा नंबर. छापण्याआधी तो नंबर स्वतः फिरवून चालू आहे याची खात्री करा. पट्टी फक्त याच पुस्तकात घालू नका. कपाटातल्या शंभर पुस्तकांत घाला, म्हणजे ती जवळ असणं ही कुणाची ओळख होणार नाही.

चर्चा मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला घ्या. शुक्रवारी शेवटच्या तासाला एखादं मूल ढवळून निघालं तर घंटा होते, बस निघते आणि मधे दोन दिवस कुणी विचारायला नसतं. आठ-दहा मुलं, पाऊण तास, दाराजवळ दुसरी एक मोठी व्यक्ती. सुरुवातीला सांगून टाका: बोलायचं ते पात्रांबद्दल, स्वतःबद्दल किंवा मित्राबद्दल नाही. 'कसं केलं' यात शिरायचं नाही. बाहेर जावंसं वाटलं तर न विचारता जायचं. जो बाहेर जाईल त्याच्याबरोबर ती दुसरी व्यक्ती जाईल, पाणी प्यायला म्हणून. आणि समुपदेशक त्या वेळी शाळेत हव्यात. त्या रजेवर असतील तर तारीख पुढे ढकला.

'तुमच्यापैकी कुणाला असं वाटलंय का?' हा प्रश्न चुकूनही नको. असे विचारा: तिच्या आईला पहिल्यांदा कधी कळायला हवं होतं, पान सांगा. मैत्रिणीने गुपित ठेवलं ते बरोबर का, आणि तुम्ही असता तर कुणाकडे गेला असता? शेवटच्या पानानंतरच्या सोमवारी काय होईल? या तिसऱ्या प्रश्नावर 'शेवट फेक'वाला खुलतो, आणि सुधारणा म्हणजे काय ते मुलंच एकमेकांना सांगू लागतात. 'ड्रामेबाज' हा शब्द मुलांकडून आला नाही तर तुम्हीच काढा: 'काही वाचकांना ती लक्ष वेधून घेतेय असं वाटतं. पुस्तकात ती किती वेळा लपवते ते मोजू या.' वाद न घालता मुद्दा निकालात निघतो, लिहिणाऱ्याची फजिती होत नाही आणि बोलणं पुस्तकाबद्दलच राहतं.

नियम सांगूनही कुणी 'मी पण केलंय' म्हणून गेलं, तर खोलीत जी शांतता पसरेल ती त्या मुलावर लादू नका. लगेच म्हणा, 'बोललास, बरं झालं. हे सगळ्यांसमोर नको, आपण तास संपल्या संपल्या बोलू.' आणि दाराजवळच्या व्यक्तीला खूण करून पुढचा प्रश्न घ्या. त्या दिवशी त्याला भेटल्याशिवाय घरी सोडायचं नाही.

फलक हवाच असेल तर चिठ्ठ्यांतली वाक्यं टाइप करून लावा, मुलांना विचारून, आणि ज्यात पुस्तकाबद्दल काही आहे तेवढीच. हस्ताक्षर नको, गुण नकोत. पुढच्या वेळी चिठ्ठीचा कागदच बदला. 'मत लिहा' म्हटलं की मुलं शिक्का मारतात. त्याऐवजी विचारा: कुठल्या पानावर थांबलास? कुणाचं वागणं खरं वाटलं नाही? हे पुस्तक कुणाला, कधी देऊ नये? खाली एक चौकट ठेवा, 'मला याबद्दल कुणाशी तरी बोलायचंय', आणि तिच्या पुढे नावासाठी जागा. हाच कागद दोन आठवड्यांनी पुन्हा द्या. पुस्तक मिटल्या मिटल्या लिहिलेलं आणि नंतरचं यात पुष्कळदा फरक पडतो.

'हे माझंच लिहिलंय' ही चिठ्ठी फाडू नका, समुपदेशकांच्या कुलपातल्या फाइलमध्ये ठेवा. लिहिणारं मूल पहिल्या आठवड्यात बहुधा येणार नाही. मधल्या सुट्टीचं ते वाक्य तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सांगा, कुठल्या तरी दुसऱ्याच पुस्तकाच्या निमित्ताने. आणि पेटी फलकाखालून हलवून आतल्या कपाटाच्या आडोशाला ठेवा, चिठ्ठी टाकणारा दारातून कुणाला दिसणार नाही अशा जागी.